ताप घेणारा कोरा राहतो का?

इलेक्ट्रॉनिक्समध्ये नव्याने हात घालणारे एक प्रश्न हमखास विचारतात. व्होल्टेज रेग्युलेटर चिपच्या पाठीवर धातूची एक पट्टी असते. ती उष्णता बाहेर काढायला असते, एवढं कळतं. पण विजेच्या दृष्टीने ती कशाला जोडलेली असते? अनुभवी माणूस बोर्डवरची नजर न हलवता उत्तर देतो, "ग्राउंडला. अजून कशाला?"

हे उत्तर बऱ्याचदा बरोबर निघतं. चुकतं तेव्हा धूर निघतो.

मी नोकरी सॉफ्टवेअरची करते. माझं हार्डवेअर म्हणजे पनवेलच्या घरातलं एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि रविवारची दुपार. त्यामुळे या पट्टीबद्दल मी जे सांगणार आहे, ते तुम्हाला डेटाशीटमध्येही वाचायला मिळेल. मला बोलायचंय ते या प्रश्नाच्या पोटात असलेल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आपण कुणाचा तरी ताप आपल्याकडे घेतो, तेव्हा फक्त तापच येतो का? की त्याच्याबरोबर एक जोडणीही येते, आपण ती मागितलेली नसली तरी?

आपल्या भाषेत 'ताप' हा शब्द फार सोयीचा आहे. अंगात ताप असतो, उन्हाचा ताप असतो, डोक्याला ताप असतो. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन प्रकारच्या तापांना एकेक समास दिलेला आहे. म्हणजे ताप किती प्रकारचे, हे आपण नीट मोजून ठेवलंय. तो ज्याच्याकडे जातो त्याचं काय होतं, हे विचारायला आपल्याला सहसा आठवत नाही.

तीन पाय, एक पाठ

आधी चिप समजून घेऊ. समजा तुमच्याकडे १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर आहे आणि सर्किटला ५ व्होल्ट हवेत. मध्ये ७८०५ नावाचा रेग्युलेटर लावायचा. तीन पाय: एकातून वीज आत, एकातून बाहेर, मधला ग्राउंड. काम साधं आहे. १२ मधले ५ पुढे पाठवायचे आणि उरलेल्या ७ व्होल्टची उष्णता करून टाकायची. लिनिअर रेग्युलेटरला दुसरी युक्ती येत नाही. नको असलेलं तो स्वतःच्या अंगात जाळतो.

सर्किट अर्धा अ‍ॅम्पिअर करंट घेत असेल, तर ७ गुणिले ०.५ म्हणजे साडेतीन वॅट. आकडा छोटा वाटतो. पण ही उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या वस्तूत तयार होते. या आकाराच्या चिपला हीट सिंक नसेल, तर दर वॅटमागे तिचं आतलं तापमान साधारण ६५ अंशांनी वाढतं. साडेतीन वॅटला सव्वादोनशे अंशांहून जास्त. त्यात पनवेलच्या मे महिन्यातले ३५ मिळवा. प्रत्यक्षात चिप तिथपर्यंत पोचत नाही. दीडशे अंशांच्या आसपास ती स्वतःला बंद करून घेते. थंड झाली की पुन्हा सुरू, तापली की पुन्हा बंद. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त एक दिवा लुकलुकताना दिसतो आणि त्याला वाटतं, अ‍ॅडाप्टर खराब आहे.

म्हणून पाठीवर ती धातूची पट्टी. तिला अ‍ॅल्युमिनियमचा हीट सिंक स्क्रूने आवळायचा. उष्णता चिपमधून पट्टीत, पट्टीतून अ‍ॅल्युमिनियममध्ये आणि तिथून हवेत जाते. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे.

मधल्या पायाचं नाव

आता पट्टी कशाला जोडलेली असते ते पाहू. या आकाराची चिप तयार करताना पट्टी आणि मधला पाय हे धातूच्या एकाच तुकड्यातून कापलेले असतात. सिलिकॉनचा कण त्या तुकड्यावर चिकटवलेला असतो. म्हणजे पाठीवरची पट्टी हा चिपचा मधला पायच आहे, फक्त पसरट. आणि मधल्या पायाचं नाव प्रत्येक चिपमध्ये वेगळं असतं.

७८०५ मध्ये मधला पाय ग्राउंड. म्हणून पट्टी ग्राउंड.

एलएम ३१७ हा दुसरा फार चालणारा रेग्युलेटर. १९७६ मध्ये बॉब डॉबकिन यांनी नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत असताना तो तयार केला. त्याचा मधला पाय आउटपुट. म्हणजे पट्टीवर, आणि तिला लावलेल्या हीट सिंकवर, आउटपुटचं व्होल्टेज असतं.

७९०५ हा ७८०५ चा उणे व्होल्टेज देणारा भाऊ. दिसायला हुबेहूब. त्याचा मधला पाय इनपुट. यामागे कारण आहे. सिलिकॉनच्या ज्या थरावर सगळं सर्किट उभं असतं, तो थर सर्किटमधल्या सर्वांत खालच्या व्होल्टेजला बांधून ठेवावा लागतो. ७८०५ मध्ये सर्वांत खाली ग्राउंड असतं. ७९०५ मध्ये ग्राउंडच्याही खाली उणे इनपुट असतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये अधिक-उणे १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय केलेल्या कुणालाही पुढची गोष्ट ओळखीची वाटेल. ७८१२ आणि ७९१२ अशा दोन चिप लागतात. हीट सिंकचा तुकडा एकच असतो, म्हणून दोन्ही त्यावर शेजारी शेजारी आवळल्या जातात. सर्किटच्या आकृतीत हीट सिंक काढलेलाच नसतो, कारण तो 'सर्किटचा भाग' नाही. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर ७९१२ च्या पाठीवर उणे २० च्या आसपास व्होल्ट असतात आणि ७८१२ च्या पाठीवर शून्य. मधल्या अ‍ॅल्युमिनियमने दोघांना थेट जोडलेलं असतं. स्विच दाबला की फ्यूज जातो. फ्यूज लावलेला नसेल तर डायोड जळतो. मग मुलं एकेक वायर तपासत बसतात आणि प्रत्येक वायर बरोबर निघते. जिथून करंट गेला ती वाट आकृतीवर नव्हतीच.

हल्लीच्या चिपमध्ये पट्टी पाठीवरून पोटाखाली गेली आहे. बोर्डला सोल्डर केली की दिसतही नाही. डेटाशीट तिच्याबद्दल निरनिराळं बोलतात. कुणी म्हणतं, ही आतून ग्राउंडला जोडलेली आहे. कुणी म्हणतं, आतून जोडलेली नाही, हवी तिथे लावा. कुणी म्हणतं, ग्राउंडला लावाच, पण ग्राउंडचा एकमेव मार्ग म्हणून तिच्यावर विसंबू नका. अर्डुइनो उनो या शिकाऊ बोर्डावर ५ व्होल्टचा जो रेग्युलेटर असतो, त्याची रुंद पट्टी आउटपुट असते. बोर्ड चालू असताना तिला हात लागला तर गरम लागेल. ती पाच व्होल्टवर आहे, हे बोटाला कळणार नाही.

निसर्गाने घातलेली अट

इथे साहजिक शंका येते. हा घोळ मुळात ठेवलाच का? पट्टीतून उष्णता जाईल आणि वीज जाणार नाही, अशी सोय करून टाकायची.

अडचण निसर्गाची आहे. १८५३ मध्ये वीडेमान आणि फ्रान्झ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी धातू तपासताना पाहिलं, की उष्णता चांगली वाहणारा धातू वीजही तितकीच चांगली वाहतो. ठरावीक तापमानाला या दोन गुणांचं प्रमाण निरनिराळ्या धातूंमध्ये जवळपास सारखं निघतं. कारण पुढे कळलं. धातूत दोन्ही ओझी वाहणारे हमाल एकच, मोकळे इलेक्ट्रॉन. उष्णतेसाठी दार उघडं ठेवलं, की विजेलाही तेच दार मिळतं.

याला अपवाद आहेत, पण प्रत्येकाची काही ना काही किंमत आहे. हिरा उष्णता तांब्याहून कितीतरी चांगली वाहतो आणि वीज अडवतो, पण तो हिरा आहे. बेरिलियम ऑक्साइड हे काम उत्तम करतं, पण त्याची धूळ श्वासातून गेली तर फुफ्फुसांचा गंभीर आजार होतो. अभ्रकाचा पातळ पापुद्रा स्वस्त आहे, वीज पूर्ण अडवतो, पण उष्णतेलाही थोडं अडवतोच.

मला ही अट महत्त्वाची वाटते, कारण ती कुणाच्या बेफिकिरीतून आलेली नाही. ताप वाहून नेण्याची ज्याची क्षमता जास्त, त्याच्यातून बाकीचंही सहज वाहतं. जो कशालाच जोडला जात नाही, तो सहसा तापही घेऊ शकत नाही. माणसांबद्दल हे असंच असेल का? मला वाटतं, बऱ्याच अंशी असतं.

घरातलं ग्राउंड

तुमच्या ओळखीतल्या अशा एका माणसाची आठवण करा, जिच्याकडे सगळे ताप घेऊन जातात. बहुतेक घरांत ती आई असते. बाबांचा ऑफिसमधला राग, आजीच्या गुडघ्यांची तक्रार, भावाचा निकाल, तुमचं ब्रेकअप, सगळं तिच्याकडे येतं. मित्रांच्या ग्रुपमध्येही अशी एक व्यक्ती असते. रात्री साडेबाराला तिला 'जागी आहेस?' असा मेसेज येतो. ऑफिसात प्रॉडक्शन बंद पडलं की सगळे ज्याच्याशी वैतागून बोलतात, तो ऑन-कॉल इंजिनिअर असतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ च्या 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास करून या प्रकाराला भावनिक श्रम असं नाव दिलं. नोकरीचा भाग म्हणून चेहऱ्यावर आणि मनात ठरावीक भाव राखणं, हे पगारी काम आहे असं त्यांनी दाखवलं. घरात त्याचा पगार नसतो.

अशा माणसाबद्दल आपण काय म्हणतो? "तिला सांग, ती ऐकून घेते." "तिचं काय, ती शांतच असते." म्हणजे आपण तिला ग्राउंड धरतो. शून्य. जिच्याकडे काहीही पाठवलं तरी जिच्यात काही बदलत नाही, अशी जागा.

पण ग्राउंड ही काय वस्तू असते? सर्किटमधलं ग्राउंड म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं शून्य. एक बिंदू निवडायचा आणि म्हणायचं, आता बाकीचं सगळं याच्यापासून मोजू. तो बिंदूही तांब्याचाच असतो आणि तांब्यालाही रोध असतो. सगळ्या भागांचे करंट एकाच बारीक पट्टीतून परत येऊ लागले, तर त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाचं व्होल्टेज वर चढतं. एक अ‍ॅम्पिअर करंट आणि ०.०५ ओहम रोध असला की ५० मिलीव्होल्ट. नाजूक सेन्सर असेल तर तेवढ्याने त्याचं मोजमाप चुकतं. आणि गंमत अशी, की मीटरचं काळं टोक त्याच ग्राउंडला लावून मोजलं तर हे कधीच दिसत नाही. ज्याला शून्य मानून सगळं मोजायचं, त्याचं स्वतःचं चढलेलं व्होल्टेज त्या मापात यायचं कसं?

घरातही हेच होतं. आईचा मूड हा घरातल्या सगळ्यांच्या मूडची मोजपट्टी असतो, म्हणून तो मोजायचा राहतो. ती चिडली की घरात सगळ्यांना आश्चर्य वाटतं, "आज हिला काय झालं?" आज काही झालेलं नसतं. बारीक पट्टीतून बरीच वर्षं बरंच काही परत येत होतं.

रिकामी दिसलेली जमीन

हे फक्त माणसांपुरतं नाही. मी ज्या भागात राहते, त्याची सगळी गोष्टच कुणाचा तरी ताप घेण्याची आहे.

मुंबई तापली होती. माणसं, कारखाने, गोदामं, सगळं एका चिंचोळ्या बेटावर. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मुंबईची उष्णता पसरवायला मोठं, रुंद, मोकळं क्षेत्र. कागदावर ही कल्पना चांगलीच होती, आणि तिच्यामुळे लाखो लोकांना घरं मिळाली, हेही खरं. नवीन पनवेलचे सेक्टर त्यातूनच उभे राहिले.

पण नकाशावर रिकामी दिसणारी ती जमीन शून्यावर नव्हती. तिथे भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती, आगरी-कोळ्यांची गावं होती. प्रत्येक जागेचं स्वतःचं व्होल्टेज होतं. ज्या भावाने जमीन घेतली जात होती, तो भाव आणि त्या जमिनीवर पुढे उभ्या राहणाऱ्या शहराची किंमत यांत फार मोठा फरक होता. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासई आणि नवघरच्या परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. या लढ्यातूनच पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं.

मी इथे जमीन संपादनाचा इतिहास लिहीत नाहीये. मला त्यातली एकच गोष्ट दिसते. ताप कुठे पाठवायचा हे ठरवताना 'तिकडे काय आहे?' हा प्रश्न 'तिकडे किती जागा आहे?' एवढाच उरला. हीट सिंक निवडताना आकार पाहिला, जोडणी पाहिली नाही. आणि साडेबारा टक्के ही तडजोड म्हणजे, ज्याला रिकामं धरलं होतं त्याचंही काही देणं लागतं, हे उशिरा मान्य करणं होतं. ते मान्य होण्याआधी पाच माणसं गेली.

तीन उत्तरं

मग करायचं काय? इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे तीन उत्तरं आहेत. तिन्ही माणसांना लावून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं उत्तर: हात लावू नका. पट्टी मोकळी सोडा. शॉर्ट होण्याची भीती नाही. पण चिप तापेल आणि स्वतःला बंद करेल. 'दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही' हे शहाणपण याच जातीचं आहे. त्याने तुम्ही सुरक्षित राहता. शेजारी एक दिवा लुकलुकत राहतो.

दुसरं उत्तर: सरळ आवळून टाका. मध्ये काहीही ठेवू नका. उष्णता सर्वांत चांगली अशीच जाते. फक्त आता हीट सिंक स्वतःच त्या व्होल्टेजवर आलाय, हे मान्य करायचं आणि त्याला बाकी कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. जिवलग मैत्री अशी असते. तिचं भांडण ते माझं भांडण. यात खोटं काही नाही, पण तिसऱ्या माणसाचा विचार करावा लागतो. मोबाइल चार्जर किंवा टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्टचे साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि काही सर्किटांत हीट सिंक त्याच बाजूला जोडलेला असतो. रिपेअरिंगवाले काका उघड्या सेटमध्ये हीट सिंकला उगीच बोट लावत नाहीत. प्लग काढल्यावरही थांबतात, कारण कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असू शकतो. नवशिक्याला मात्र तो निरुपद्रवी अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा वाटतो. तसंच, मैत्रिणीचा सगळा राग अंगात घेऊन तुम्ही घरी येता आणि धाकटा भाऊ काहीतरी साधं विचारतो. झटका त्याला बसतो. त्याचा त्या भांडणाशी काही संबंध नसतो.

तिसरं उत्तर: मध्ये अभ्रक ठेवा. मायका वॉशर किंवा सिलिकॉनचा पॅड, थोडी हीट सिंक पेस्ट. लॅमिंग्टन रोडवर मूठभर मिळतात. ताप जाईल, करंट जाणार नाही. डॉक्टर, समुपदेशक, न्यायाधीश यांच्याकडून आपण हेच अपेक्षितो. ऐकून घ्या, पण आमच्यात ओढले जाऊ नका.

हे उत्तर सर्वांत शहाणं वाटतं, आणि मलाही ते आवडतं. पण त्याच्या दोन अटी आहेत.

एक, अभ्रक फुकट नसतं. पेस्ट लावलेल्या मायका वॉशरमुळे दर वॅटमागे साधारण एक-दीड अंशाचा अडथळा मध्ये येतो. आपल्या साडेतीन वॅटच्या चिपला म्हणजे चार-पाच अंश जास्त. समोरचा माणूस तेवढा जास्त तापलेला राहतो. 'डॉक्टर चांगले आहेत, पण जरा कोरडे आहेत' असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला ते चार-पाच अंश जाणवत असतात. अलिप्ततेची किंमत असते आणि ती समोरचा भरतो. म्हणून ती गरजेपुरतीच जाड असावी.

दोन, स्क्रू. वॉशर नीट बसवला, पेस्ट लावली आणि मग पट्टीच्या भोकातून लोखंडी स्क्रू घालून सगळं आवळलं, तर स्क्रूनेच चिप आणि हीट सिंक जोडले जातात. अभ्रक आहे आणि नाहीही. म्हणून स्क्रूभोवती प्लास्टिकचा छोटासा बुश घालावा लागतो. माणसांतही भिंत बहुतेक वेळा समोरून पडत नाही. एखाद्या स्क्रूतून निसटते. क्लासच्या वेळेत अंतर राखणाऱ्या शिक्षकाला रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर द्यावं लागतं. एचआरमधला माणूस तक्रार तटस्थपणे ऐकतो आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याबरोबर रोज जेवतो.

आणि तिन्ही उत्तरांत एक गोष्ट कायम राहते. हीट सिंक उष्णता संपवत नाही. तो ती हवेला देतो. बंद डब्यात हीट सिंक ठेवला तर थोड्या वेळाने तोही चिपइतकाच तापतो. समुपदेशनाच्या व्यवसायात म्हणूनच समुपदेशकांनी स्वतः कुणा अनुभवी सहकाऱ्याशी नियमित बोलण्याची पद्धत आहे. तिला सुपरव्हिजन म्हणतात. घरातल्या ऐकून घेणाऱ्या माणसाला अशी खिडकी असते का?

माणसाची डेटाशीट नसते

इथे कुणीतरी म्हणेल, ही तुलना फार ताणलीस. चिपला इच्छा नसते. मधला पाय कुठे जोडायचा हे चिपने ठरवलेलं नसतं. माणूस ठरवू शकतो. तो ऐकून घेऊनही मनात काही न ठेवता उठू शकतो. आपल्याकडे तर अलिप्त राहून कर्म करण्याचा आदर्श किती जुना आहे.

आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. माणूस ठरवू शकतो म्हणून जबाबदारी वाढते, कमी होत नाही. चिपच्या पट्टीचं व्होल्टेज ठरलेलं असतं आणि डेटाशीटमध्ये छापलेलं असतं. माणसाचं रोज बदलतं आणि कुठेच छापलेलं नसतं. काल जी मैत्रीण तुमचं सगळं शांतपणे ऐकत होती, ती आज स्वतः कशाच्या तरी टोकावर असू शकते. दिसायला मात्र हुबेहूब कालचीच, ७८०५ आणि ७९०५ सारखी. अलिप्ततेचा आदर्शही तपासून पाहावासा वाटतो. तो स्वतःसाठी निवडला तर साधना आहे. दुसऱ्याकडून गृहीत धरला तर ती त्याला 'ग्राउंड' म्हणण्याचीच सभ्य पद्धत आहे.

म्हणून मला नियमापेक्षा सवय महत्त्वाची वाटते. बोर्डला वीज देण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, एक टोक पट्टीला, दुसरं ग्राउंडला. बीप वाजला तर जोडलेलं आहे. नाही वाजला तर आउटपुटला लावून पाहायचं, मग इनपुटला. दहा सेकंदांचं काम. ते वीज बंद असताना करायचं असतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. भांडण ऐन रंगात असताना "तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?" असं विचारण्यात अर्थ नसतो.

माणसांना विचारायची वाक्यंही छोटीच आहेत. ताप घेणाऱ्याने विचारावं, "मी नुसतं ऐकू, की काही करायचंय?" ताप देणाऱ्याने विचारावं, "आत्ता सांगू का? तुझं काय चाललंय?" आणि जोडणी असेल तर ती आधी सांगावी: "मी जिच्याबद्दल बोलणार आहे, ती तुझीही मैत्रीण आहे." पट्टी आउटपुटला आहे हे सांगण्याची जबाबदारी आधी चिप बनवणाऱ्याची असते, हीट सिंक लावणाऱ्याची नंतर. आपण मात्र बहुतेकदा उलटं धरतो. ऐकणाऱ्याने समजून घ्यावं, असं.

या वाक्यांनी ताप कमी होत नाही. साडेतीन वॅट साडेतीनच राहतात. ते कुठे चाललेत आणि तिथे आधीच काय आहे, एवढं मात्र दोघांनाही माहीत असतं. काही विचारी डिझायनर बोर्डवर पट्टीच्या शेजारी बारीक पांढऱ्या अक्षरांत ती कशाला जोडलेली आहे हे छापतात. सर्किट चालायला त्या अक्षरांची काही गरज नसते. ती पुढे कधीतरी हा बोर्ड उघडणाऱ्या अनोळखी माणसाच्या बोटांसाठी असतात.

घरात अशी अक्षरं कुणी छापून ठेवत नाही. तेव्हा आज संध्याकाळी आपला दिवस सांगायला सुरुवात करण्याआधी, जी नेहमी ऐकून घेते तिला तिचा दिवस कसा गेला ते विचारा. आणि ती "काही नाही गं, नेहमीचंच" म्हणाली, तर थोडं थांबून पुन्हा विचारा.